ऐकीव गोष्ट जपानीत कशी सांगायची? ‘त्ते’, ‘न्दात्ते’ आणि आपलं ‘म्हणे’

धनिष्ठा

पुण्यात जपानी शिकवताना एक अडचण पुन्हा पुन्हा दिसते. पुस्तक नीट झालेलं असतं, परीक्षाही पास झालेली असते, आणि तरी जपानी सहकाऱ्यांच्या गप्पांत बसलं की कोण काय म्हणालं याचा मेळ लागत नाही. दुसऱ्याचं म्हणणं सांगायची जपानीतली पुस्तकी रीत आणि रोजच्या बोलण्यातली रीत यांत बरंच अंतर आहे, म्हणून हा धागा काढते आहे. ज्यांना भर घालायची असेल त्यांनी मोकळेपणाने घालावी.

जपानी वाक्यं देवनागरीतच लिहिते. ‘त्ते’मधला त्त ‘पत्ता’तल्यासारखा, किंचित अडकून म्हणायचा.

‘मिन्ना नो निहोंगो’ हे पाठ्यपुस्तक वापरणाऱ्यांना आठवत असेल, २१व्या धड्यात ‘तो इइमाशिता’ (म्हणाला) येतं, ३३व्यात ‘तो इत्ते इमाशिता’ (म्हणत होता), आणि ४७व्यात ऐकीव बातमीचं ‘सोउ देसु’. तिन्ही बरोबर आहेत. पण कंपनीच्या कँटीनमध्ये तुमच्या कानावर पडतं ते हे :

तानाका-सान, आश्ता कोनाइत्ते.

‘कोनाइ’ म्हणजे येणार नाही. पुढे फक्त ‘त्ते’. ‘म्हणाला’ हे क्रियापदच नाही. वाक्य संपलं. मराठीत याचं सरळ रूप होतं ‘तानाका उद्या येत नाही म्हणे’ किंवा ‘येत नाही म्हणाला’. आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. हे व्याकरण शिकताना मुलं इंग्रजीतून जातात. ‘ही सेड दॅट’ डोक्यात धरतात आणि मग जपानी वाक्यात त्या ‘दॅट’ची जागा शोधत बसतात. मराठी माणसाला एवढा वळसा घालायची गरजच नाही. आपल्याकडे ‘म्हणणे’ या क्रियापदाचं सगळं कुटुंब वाक्याच्या शेवटी किंवा अवतरणाच्या मागे येऊन बसतं. जपानीत ‘यू’ (म्हणणे) या क्रियापदाचं आणि ‘तो’ या अव्ययाचं कुटुंब नेमकं तिथेच बसतं. या जोड्या बघा :

तानाका-सान त्ते हितो कारा देन्वा आत्ता यो. – तानाका म्हणून कोणाचा तरी फोन आला होता.

नात्तो त्ते नानि? – नात्तो म्हणजे काय?

आमे दाकारात्ते यासुमु ना. – पाऊस आहे म्हणून सुट्टी घेऊ नकोस.

दाकारात्ते नानि? – मग म्हणून काय झालं?

केक्कोन सुरुन्दात्ते? – लग्न करतोयस म्हणे?

म्हणे, म्हणून, म्हणजे. आपण दिवसभर हे शब्द वापरतो आणि त्यांत ‘बोलण्या’चा अर्थ आहे हे विसरूनही जातो. जपानी माणसाचं ‘त्ते’ तसंच आहे. शेवटचं उदाहरण तर मला फार आवडतं. इंग्रजीत त्यासाठी ‘मी असं ऐकलं की तू…’ अशी लांबलचक रचना करावी लागते. मराठी आणि जपानी दोघींना एक शेपूट पुरतं, आणि त्या शेपटावर आवाज वर गेला की प्रश्न तयार.

आणखी एक सोय. काळ बदलायचा नाही. माणूस ‘इकानाइ’ (जाणार नाही) म्हणाला असेल तर काल म्हणाला असो की मागच्या वर्षी, ‘इकानाइत्ते इत्तेता’ असंच राहतं. आपणही ‘जाणार नाही म्हणाला’ असंच म्हणतो.

जे जुळत नाही तेही सांगते. पहिलं, आपलं ‘की’. ‘तो म्हणाला की मी येत नाही’ ही रचना जपानीत नाहीच. तिथे अवतरण आधी, खूण मागे. म्हणून जपानी बोलताना मनातलं वाक्य ‘की’वर बेतू नका, ‘म्हणून’ आणि ‘म्हणे’वर बेता. दुसरं, मराठी क्रियापद पुरुष दाखवतं, जपानी दाखवत नाही. ‘येईन म्हणाली’मध्ये ‘येईन’वरून कळतं की ती स्वतःबद्दल बोलतेय. ‘कुरुत्ते’ या जपानी शब्दात येणारा मी, तू की ती, हे फक्त संदर्भावरून ओळखायचं असतं.

---

रानवाट

धनिष्ठाताई, मी एन-थ्रीची (जपानी भाषेच्या परीक्षेची एक पातळी) तयारी करतेय आणि इथेच अडकले आहे. ‘कोनाइत्ते’ आणि ‘कोनाइन्दात्ते’ दोन्ही ऐकू येतात. फरक नक्की कुठे आहे? शिवाय ‘दात्ते’ तर सगळीकडे भेटतं. वाक्याच्या सुरुवातीलाही असतं, तेव्हा त्याचा ‘म्हणे’शी काही संबंध दिसत नाही.

---

धनिष्ठा

रानवाट, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘कोनाइत्ते’ म्हणजे निरोप. त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं पुढे दिलं. तुम्ही फोन ठेवलात आणि शेजारच्याला म्हणालात, ‘येत नाही म्हणतोय’. ‘कोनाइन्दात्ते’मधला ‘न्’ हा खुलाशाचा ‘न्’ आहे, ‘न् देसु’मधला. तो आला की ती नुसती उक्ती राहत नाही, बातमी होते : ‘येत नाहीये म्हणे’, म्हणजे असं आहे बरं का. ऐकणाऱ्याला नवीन, सांगणाऱ्याला सांगावीशी वाटणारी. म्हणूनच लग्न, बदली, नोकरी सोडणं, बाळ होणं या विषयांवर ‘न्दात्ते’ जास्त ऐकू येतं.

नाम किंवा ‘ना’ विशेषण (नामाआधी ‘ना’ घेणारं) असेल तर ‘न्’च्या आधी ‘ना’ लागतो : ‘यासुमि नान्दात्ते’ (सुट्टी आहे म्हणे). नुसता निरोप असेल तर ‘यासुमि दात्ते’. हा ‘दा’ म्हणजे ‘आहे’.

आता एक सूक्ष्म पण फार उपयोगी गोष्ट. क्रियापदाला ‘न्’ न लावता सरळ ‘दात्ते’ जोडलं, म्हणजे ‘इकु दात्ते’ म्हटलं, तर जपानी कानाला ते खटकतं किंवा त्याचा अर्थच बदलतो. मग ‘इकु’ हे अवतरणातलं वाक्य होतं, जणू कोणाचं बोलणं चिमटीत धरून दाखवावं. ‘आइशितेरु, दात्ते!’ म्हणजे ‘म्हणे माझं तुझ्यावर प्रेम आहे!’ मराठीतसुद्धा ‘म्हणे’ वाक्याच्या शेवटून उचलून पुढे आणलं की टोमणा होतो. ‘वेळ नाही म्हणे’ ही बातमी झाली. ‘म्हणे वेळ नाही!’ हा राग. तेव्हा बातमी द्यायची असेल तर क्रियापदामागचा तो छोटा ‘न्’ विसरू नका.

सुरुवातीचं ‘दात्ते’ मात्र वेगळं : ‘दात्ते, जिकान नाइ मोन.’ लहान मुलाच्या तोंडी असतं तसं, ‘पण वेळच नाहीये ना!’ तिथे कोणाचं बोलणं सांगायचं नसतं. स्वतःची बाजू मांडायची असते. ‘वाताशि दात्ते’ (मीसुद्धा) हे तिसरं. जागेवरून ओळखा. वाक्याच्या टोकाला असेल तर बातमी, डोक्याला असेल तर सबब, नामाला चिकटून वाक्याच्या मधोमध असेल तर ‘सुद्धा’.

---

कृष्णातीर

धागा फार आवडला. माझं घर सांगलीकडचं, आजोळ बेळगावकडचं, त्यामुळे कानडी घरातच होतं. तुम्ही मराठी-जपानी जोड्या दिल्यात, त्यात कानडीही बसते.

‘बर्तीनि अंत हेळिद’ – येतो म्हणून सांगितलं. ‘अंत’ नेमकं ‘तो/त्ते’च्या जागी. आणि ‘बर्तानंते’ म्हणजे ‘येतो म्हणे’. शेवटचं ‘अंते’ म्हणजे थेट ‘न्दात्ते’. तेलुगूत ‘अनि’ आहे, तमिळमध्ये ‘एन्ड्रु’. सगळ्यांचं मूळ ‘म्हणणे’ या अर्थाच्या क्रियापदात. दखनीतही ‘आता बोलके बोल्या’ असं ‘बोलके’ अवतरणाच्या मागे येतं. दक्षिणेत एकमेकांशेजारी नांदलेल्या भाषांमध्ये ही रचना भक्कम आहे, आणि मराठीतलं ‘म्हणून’ त्याच पट्ट्यातलं आहे.

संस्कृतातही अवतरणाच्या मागे ‘इति’ येतंच. म्हणजे ज्याने शाळेत संस्कृत केलंय त्याच्यासाठी जपानी ‘तो’ अनोळखी नाही.

एक जुनी गोष्ट जोडतो. ‘म्हणे’ हे मुळात साधं क्रियापद, तृतीय पुरुषी, जुन्या मराठीतलं. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं तिथे ते पूर्ण जिवंत क्रियापद आहे, कर्त्यासकट. आज ‘लग्न ठरलंय म्हणे’ म्हणताना कर्ता गळून गेला आहे. कोण म्हणतं हे कोणीच विचारत नाही. ‘त्ते’च्या मागचं ‘इत्तेता’ गळून पडलं तेही याच वाटेने झालं असणार असं मला वाटतं. वाक्याच्या शेवटचं क्रियापद रोजच्या वापराने झिजतं आणि खूण तेवढी उरते.

---

मांडवीकाठ

कृष्णातीर, कोंकणीतही तेच. ‘तो येता म्हूण सांगलें’. आमच्याकडे गोव्यात हे इतकं सवयीचं आहे की जपानीच्या पहिल्या वर्गात ‘तो’ समजून घ्यायला मला काहीच वेळ लागला नव्हता.

माझा प्रश्न वेगळा आहे. ऐकीव गोष्टीवर आपला विश्वास किती, हे जपानी कसं दाखवतात? ‘सोउ’, ‘राशिइ’, ‘तोका’, ‘न्दात्ते’ हे सगळे ‘म्हणे’च आहेत का? की त्यांत कमी-जास्त आहे?

---

धनिष्ठा

कमी-जास्त आहे आणि ते समजून घेण्यात खरा आनंद आहे.

‘फुरु सोउ देसु’ (पाऊस पडणार असं कळतं) हे औपचारिक. बातम्या सांगताना, पत्रात, वरिष्ठांशी बोलताना. माहितीचा उगम नक्की असतो, तुम्ही फक्त पोचवता. मित्रांच्या गप्पांत ते कडक इस्त्रीचं वाटतं, तिथे ‘न्दात्ते’ येतं. एक सावधगिरी : ‘फुरु सोउ’ म्हणजे पडणार म्हणे, पण ‘फुरिसोउ’ म्हणजे आभाळाकडे बघून पडेलसं वाटतंय. ‘रु’ आणि ‘रि’ एवढाच फरक, आणि परीक्षेत हमखास विचारतात.

‘फुरु राशिइ’ म्हणताना बोलणारा एक पाऊल मागे सरकतो. ऐकलंय किंवा खुणांवरून वाटतंय, पण जबाबदारी माझी नाही. ऑफिसातल्या कुजबुजीचा हा आवडता प्रत्यय आहे.

‘इकु तोका इत्तेता’ म्हणजे ‘जाणार वगैरे म्हणत होता’. मराठीतलं ‘वगैरे’ इथे चपखल बसतं. नेमके शब्द आठवत नाहीत, किंवा त्याच्या बोलण्यावर फार भरवसा नाही. आणि ‘इसोगाशिइ तोका इत्ते’ असं अर्धवट सोडलं तर त्याला धार येते : ‘म्हणे कामात आहे!’

‘इत्ता’ आणि ‘इत्तेता’ यांत गोंधळ होतो म्हणून तेही सांगते. तिसऱ्या माणसाचं म्हणणं पोचवताना ‘इत्तेता’ (इत्ते इता) घ्या. ते शब्द अजून लागू आहेत, मी ते घेऊन आलोय, असा त्याचा भाव. ‘इत्ता’ने फक्त त्या क्षणी त्याने उच्चार केला एवढंच कळतं. ‘आई म्हणत होती, जेवायला ये’ असं आपण म्हणतो ना, त्या ‘म्हणत होती’च्या जागी ‘इत्तेता’.

यात सगळ्यात खोल मुद्दा मनातल्या गोष्टींचा. जपानीत दुसऱ्याच्या मनाबद्दल थेट विधान करता येत नाही. ‘कारे वा उरेशिइ’ (तो आनंदी आहे) असं सहसा म्हणत नाहीत. ‘उरेशिइत्ते’ (आनंद झाला म्हणाला), ‘उरेशिसोउ’ (आनंदी दिसतोय), असं म्हणावं लागतं. ‘तानाका-सान वा कुरु तो ओमोउ’ याचा अर्थ ‘तानाकांना वाटतं’ असा होत नाही. तो होतो ‘तानाका येतील असं मला वाटतं’. तानाकांचं मत सांगायचं तर ‘ओमोत्तेरु’ लागतं. दुसऱ्याच्या डोक्यात आपण शिरू शकत नाही, हे व्याकरणानेच मान्य केलं आहे. म्हणून ‘त्ते’ जपानीत इतकं लागतं. ऐकलेल्या आणि स्वतः पाहिलेल्या गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर बोलणं उद्धट ठरू शकतं.

---

चंद्रफूल

मी ओसाकात राहते. वर दिलेलं सगळं ‘ह्योजुन्गो’, म्हणजे प्रमाण जपानी. इथे आलात तर कान पुन्हा तयार करावा लागेल.

‘न्दात्ते’ इथे ‘न्याते’ होतं : ‘केक्कोन सुरुन्याते’. किंवा ‘केक्कोन सुन्नेन्ते’. ‘त्ते इत्तेता’ऐवजी ‘युतेता’, आणि बरेचदा मधला ‘तो’ पार गायब : ‘इकु युतेता’. मराठीत ‘जातो म्हणाला’ म्हणताना मध्ये काहीच नसतं, अगदी तसंच. मला तर प्रमाण जपानीपेक्षा कान्साईचं (ओसाकाच्या परिसराचं) हे रूप मराठीच्या जास्त जवळचं वाटतं.

आणि ऐकीव गोष्ट सांगून झाली की शेवटी ‘शिरान् केदो’. म्हणजे ‘पण मला माहीत नाही हं’. पाच मिनिटं ठामपणे कुणाबद्दल सांगायचं आणि शेवटी हे जोडायचं. ओसाकात ते प्रेमाने घेतात, कुणी आक्षेप घेत नाही. आता ते देशभर पसरलंय. २०२२ साली वर्षातल्या नव्या आणि गाजलेल्या शब्दांची जी जपानी यादी निघते तिच्या पहिल्या दहांत ‘शिरान् केदो’ होतं.

तरुण मुलांची एक लकबही सांगते. कुणाचं बोलणं किंवा मनातली प्रतिक्रिया सांगताना ‘मिताइना’ लावतात. ‘ए, माजि दे?, मिताइना.’ म्हणजे ‘असं झालं की, काय, खरंच?’. त्याने तोंडाने ते म्हटलं असेलच असं नाही. चेहऱ्यावर जे उमटलं तेही अवतरणात घालता येतं.

आणि ‘त्तेबा’! ‘वाकात्तेरुत्तेबा!’ – ‘कळलंय म्हटलं ना!’ आई-मुलीच्या वादात हे ऐकलं की घरचीच आठवण येते. इथे अवतरण दुसऱ्याचं नाही, स्वतःचंच. आधी सांगितलेलं पुन्हा ठासून सांगायचं असतं. नुसतं ‘इकानाइत्ते!’ जोरात म्हटलं तरी तोच अर्थ : ‘नाही जाणार म्हटलं ना!’ तेव्हा ‘त्ते’ ऐकलं की लगेच तिसरा माणूस शोधू नका. आवाजाचा सूर ऐका.

---

अरुणोदय

नागोयाजवळ वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो. भारतातून नवीन येणाऱ्यांसाठी ऑफिसची बाजू मांडतो, कारण तिथे ‘त्ते’ चुकीच्या जागी वापरलं तर नातं बिघडतं.

नियम असा. बाहेरच्या कंपनीच्या माणसाशी बोलताना आपला साहेबही ‘आपल्यातला’ धरतात, म्हणून त्याच्याबद्दल नम्र रूप, आणि नावामागे ‘सान’ही नाही. ‘यामादा वा आश्ता उकागाउ तो मोउशिते ओरिमाशिता.’ (यामादा उद्या येतील असं म्हणत होते.) मराठीत आपल्या साहेबाला बाहेरच्यासमोर कधी ‘तो’ म्हणत नाही, त्यामुळे हे आपल्याला जड जातं. पण इथे तीच रीत आहे. उलट बाहेरच्याचं म्हणणं आपल्या साहेबाला सांगताना ‘तो ओश्शात्ते इमाशिता’.

दोन्हींची भीती वाटत असेल तर ‘तो नो कोतो देसु’ शिका. ‘असा निरोप आहे.’ ना चढ, ना उतार. ईमेलात तर याला पर्याय नाही. ‘काइगि वा जूजि कारा तो नो कोतो देसु’ – बैठक दहा वाजता आहे असा निरोप आहे.

आज्ञेबद्दल. साहेब नम्रपणे ‘ओकुत्ते कुदासाइ’ (पाठवा) म्हणाले असतील, तरी मित्राला सांगताना लोक ‘ओकुरेत्ते’ (पाठव म्हणे) असं उघडं आज्ञार्थी करून सांगतात. त्यावरून साहेब चिडले होते असं समजू नका. गप्पांत आज्ञा सोलून सांगायची पद्धत आहे. घरात याचं मऊ रूप येतं, ‘ग्यूउन्यूउ कात्ते किते त्ते’ – ‘दूध आण म्हणाली’. तो ‘ते’ विनंतीचा, पुढचा ‘त्ते’ निरोपाचा. एकापाठोपाठ आले की पहिल्यांदा कान गडबडतो. औपचारिक करायचं असेल तर ‘ओकुरु योउ नि इवारेमाशिता’ (पाठवायला सांगितलंय). म्हणजे मराठीतले ‘ये म्हणाले’ आणि ‘यायला सांगितलं’ हे दोन्ही रस्ते जपानीतही आहेत.

अजून एक, जे कोणी शिकवत नाही. ‘येणं’ आणि ‘जाणं’. आई जेवायला हाक मारते तेव्हा मराठी मूल ‘आलो!’ म्हणतं, जपानी मूल ‘इमा इकु!’ म्हणतं, म्हणजे शब्दशः ‘आता जातो’. बोलणारा ज्याच्याकडे जायचं त्याच्या नजरेने बघत नाही, स्वतःच्या जागेवरून बघतो. मग मित्र फोनवर ‘इमा कारा इकु’ म्हणाला आणि तुम्ही घरी बसलेल्यांना सांगणार असाल, तर ते ‘इमा कारा कुरुत्ते’ होतं. तो ‘जातो’ म्हणाला, तुम्ही ‘येतोय म्हणे’ सांगता, कारण सांगणारे तुम्ही आहात. मराठीत दोन्हीकडे ‘येतो’च असतं, म्हणून हा बदल आपल्या लक्षातच येत नाही. नवीन आलेल्यांनी याचा मुद्दाम सराव करावा.

---

निळा_पारवा

फुकुओकाहून. इथल्या हाकाता बोलीत वयस्कर माणसं ऐकीव गोष्टीला ‘गेना’ लावतात : ‘केक्कोन सुरु गेना’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते शब्दशः मराठी ‘म्हणे’च वाटलं, इतकं ते शेवटी अलगद येतं.

गोष्टी सांगण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून विचारतो. शेजारच्या आजी नातवाला गोष्ट सांगताना शेवटी ‘…कुराशिमाशिता तो सा. मेदेताशि, मेदेताशि’ म्हणतात. हा ‘तो’ आपलाच ना?

---

कृष्णातीर

धनिष्ठाताई सांगतीलच, पण याचं उत्तर द्यायचा मोह आवरत नाही. हो, तोच. ‘सुखाने राहू लागले, असं म्हणतात बरं.’ सांगणारी आजी त्या काळी तिथे नव्हती, म्हणून शेवटी ‘तो’ लावून गोष्ट परंपरेच्या हवाली करते. ‘मेदेताशि, मेदेताशि’ला आपल्याकडे ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ आहे.

ही रीत जुनी आहे. १२व्या शतकाच्या आसपासच्या ‘कोंजाकु मोनोगातारिशू’ या कथासंग्रहातल्या कथा ‘इमा वा मुकाशि’ने (आता ती जुनी गोष्ट झाली) सुरू होतात आणि ‘तो नामु कातारित्सुताएतारु तोया’ने संपतात. असं सांगत आले आहेत म्हणे. एका वाक्यात दोनदा ‘तो’. आजच्या वर्तमानपत्रांत बातमीचा परिच्छेद ‘तो इउ’ने (असं कळतं) संपतो, तोही याच घराण्यातला.

---

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. जपानी शिकलेल्या माझ्या मावशीने मला एक संवाद लिहून दिला आहे, ओळखता येतो का बघ म्हणून. मला कळला तसा पूर्ण लिहिते. कोणी तरी तपासून सांगाल का की कुठल्या वाक्यात कोणाचं बोलणं आहे आणि सांगणाऱ्याची खात्री किती आहे?

अ : नेए, यामादा-सान, काइशा यामेरुन्दात्ते.
ब : ए, दारे गा इत्तेता नो?
अ : काचो गा. राइगेत्सु दात्ते.
ब : देमो, होन्निन वा मादा किमेतेनाइत्ते इत्तेता यो.
अ : सो नानो? नान्का, ओकुसान नो जिक्का गा कागोशिमा दाकारा, मुकोउ दे शिगोतो सागासु तोका…

---

धनिष्ठा

मावशीने छान निवडलाय. वरच्या चर्चेतलं जवळजवळ सगळं यात आहे.

पहिलं वाक्य बातमी : ‘यामादा कंपनी सोडतायत म्हणे.’ क्रियापद आहे म्हणून ‘न्’ लागला. ब लगेच विचारतो, ‘कोण म्हणत होतं?’, कारण ‘न्दात्ते’मध्ये कर्ता नसतोच, तो मागून काढून घ्यावा लागतो. अ म्हणतो, ‘काचो (विभागप्रमुख). पुढच्या महिन्यात म्हणे.’ इथे ‘राइगेत्सु’ नाम आहे, म्हणून ‘न्’शिवाय ‘दात्ते’.

चौथं वाक्य नीट बघा. ब म्हणतो, ‘पण ते स्वतः (होन्निन) तर अजून ठरवलं नाही म्हणत होते.’ इथे नुसतं ‘त्ते’ नाही, पूर्ण ‘त्ते इत्तेता यो’ आहे. समोरच्याची बातमी खोडायची असते तेव्हा जपानी माणूस क्रियापद गाळत नाही. कोण बोललं आणि बोललं हे नक्की, दोन्ही टेबलावर ठेवतो. ‘यो’ने त्यावर भर दिला आहे.

मग अ कसा माघार घेतो बघा. ‘सो नानो?’ (असं का?), पुढे ‘नान्का’ (काहीतरी), आणि वाक्य ‘तोका’वर अर्धंच सोडलं. ‘म्हणजे, बायकोचं माहेर कागोशिमाला ना, म्हणून तिकडेच नोकरी बघणार वगैरे…’ पहिल्या वाक्यात तो बातमी घेऊन आला होता, पाचव्यात त्याच बातमीचा हात सोडून दिला. नोकरी सोडण्याची शक्यता त्याने नाकारलेली नाही. फक्त ‘न्दात्ते’वरून ‘तोका’वर उतरला. पुढच्या वेळी मावशीला विचार, पाचव्या वाक्यात ‘तोका’च्या जागी ‘राशिइ’ घातलं तर अ किती मागे सरकला असता. माझ्या मते ‘तोका’पेक्षा थोडा कमी, कारण ‘राशिइ’ला निदान काहीतरी आधार लागतो.